बर्फ लावल्याने घोटा ‘पक्का’ होतो का? एक खुलासा

‘मुरगळलेल्या घोट्यावर वीस मिनिटे बर्फ धरला की सांधा पक्का होतो आणि लगेच मैदानात उतरता येते,’ असा सल्ला सध्या फिरत आहे. यातील वेदना कमी होण्याचा भाग खरा आहे; पुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आणि घातकही आहे.

थंडाव्याने मज्जातंतूंतून संदेश वाहण्याचा वेग मंदावतो. तापमान 1 अंश सेल्सिअसने उतरले की तो सेकंदाला साधारण दीड ते दोन मीटरने घटतो, आणि म्हणूनच दुखणे बधिर होते. पण स्नायूला आदेश नेणारे तंतूही त्याच गारव्यात असतात. गार पडलेला स्नायू सावकाश आकुंचन पावतो, सावकाश सैल होतो, आणि त्याची झटकन जोर लावण्याची क्षमता काही काळ उणी पडते. सांधा नेमका कोणत्या कोनात आहे याची जाणीव घटते का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. बर्फ काढल्यावर लालसर, बधिर झालेल्या पायावर उडी मारून उतरणाऱ्या खेळाडूला दुखत नाही, एवढ्यावरून घोटा सावरला असे मानणे मला फार धोक्याचे वाटते, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच तेव्हा गप्प असते.

एक अपवाद नोंदवायलाच हवा. सुजलेल्या गुडघ्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू दबून जातो, तेव्हा सांध्यावरील बर्फाने तो तात्पुरता अधिक चांगला प्रतिसाद देऊ शकतो. फिजिओथेरपिस्ट त्याचा उपयोग देखरेखीखालील व्यायामासाठी करतात, सामन्यात परतण्यासाठी नव्हे.