घर बघायच्या आधी ओढा बघा

चार महिने झाले तालुक्याच्या गावात घर शोधतोय आम्ही. बजेट तीस लाखांच्या आत आणि सगळा हिशोब बसवलाय पंतप्रधान आवास योजनेच्या व्याज सबसिडीवर, म्हणजे शहरी २.० वाली. घर ३५ लाखांपर्यंत, लोन २५ पर्यंत, वर्षाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत, देशात कुठंच पक्कं घर नको, मग पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के सबसिडी, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आणि तेही पाच हप्त्यांत. आमच्यासारख्याला ते पण खूप आहे हो.

आता गंमत बघा. ओढ्याच्या अलीकडं नगरपंचायत, पलीकडं ग्रामपंचायत. आम्हाला आवडलं ते पलीकडचं, मोठा ओटा, मागं फणस, २४ लाख. सबसिडी बाद, कारण ते "शहर" नाही. अरे, अलीकडचं तरी दहा-अकरा वर्षांपूर्वी कुठं शहर होतं, तिथं पण ग्रामपंचायतच होती की! बाजार तोच, एसटी स्टँड तोच, पाणी दिवसाआड दोन्हीकडं.

बरं, सबसिडी गेली तर गेली, साधं लोन तरी द्या. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी नमुना ८ चा उतारा बघितला आणि एका बोटानं परत माझ्याकडं सरकवला, "हा घरपट्टीचा कागद, मालकीचा नाही." मालक आजोबा शेजारीच बसलेले, म्हणाले साठ वर्षं पट्टी भरतोय, मग घर कुणाचं? वकील काही बोलले नाहीत. कायद्यानं त्यांचं बरोबरच आहे म्हणा.

यावर उपाय म्हणून तर स्वामित्व योजना आली ना, २०२० पासून ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीचं कार्ड, देतायत. चांगलीच योजना आहे, फक्त आजोबांच्या गावात ड्रोन उडून गेला आणि कार्ड अजून यायचंय. ग्रामीण आवासचे १ लाख २० हजार म्हणाल तर ते यादीतल्या बेघर आणि कच्च्या घरवाल्यांना, आणि ते तसंच पाहिजे. पण मधल्या पगारदारानं गावात राहायचं ठरवलं तर त्याला कुठली योजना? सगळे शहरात गर्दी करतात म्हणून ओरडायचं आणि सबसिडी पण शहरालाच द्यायची.

काल अलीकडचा एक फ्लॅट बघितला, ३१ लाख, कागद एकदम क्लीन, किचनमध्ये दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. बायको काहीच बोलली नाही.

कुणाचं गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिकेवर लोन झालंय का? किती दिवस लागले आणि वकिलांनी अजून काय काय कागद मागितले, तेवढं सांगा.