ऑफर लेटर लॅमिनेट करून घ्या

कंप्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि प्लेसमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव नुकतंच झळकलं असेल, तर आधी अभिनंदन. घरी पेढे वाटून झाले असतील. आता माझं ऐका. सल्ला फुकट आहे, त्याची फी मी गेले चौदा महिने ऑफर हातात धरून जॉइनिंगची वाट बघत भरतोय.

पहिलं काम म्हणजे ऑफर लेटर लॅमिनेट करून घ्या. साधा कागद दमट हवेत टिकत नाही आणि तुम्हाला तो निदान दोन पावसाळे टिकवायचा आहे. माझा एक निघाला, दुसरा चालू आहे.

कॉलेजचा नियम मनापासून पाळा. एक विद्यार्थी, एक ऑफर. सप्टेंबरात ऑफर हातात पडली की पुढं येणाऱ्या कंपन्यांच्या परीक्षेला बसायचं नाही. टीपीओ, म्हणजे कॉलेजात प्लेसमेंट बघणारे सर म्हणतात, "बाकीच्यांनाही संधी मिळू दे की." मन मोठं करा. स्वयंसेवकाचं कार्ड गळ्यात अडकवा आणि बाहेरून आलेल्या एचआर मॅडमना पाण्याच्या बाटल्या नेऊन द्या. मी दिल्या. ज्या पोराला मी दाराशी "घाबरू नको रे, ॲप्टी सोपी असते" म्हणून आत ढकललं, तो जुलैत जॉइन झाला, बाणेरला तिघांत फ्लॅट घेऊन राहतो आणि दर महिन्याला मला विचारतो, "तुझं काय झालं रे?"

इंटर्नशिप सक्तीची असते, तेव्हा हजार-पंधराशे भरून घरबसल्या करून टाका. सर्टिफिकेटच्या पीडीएफवर सही फार सुंदर येते.

प्रोजेक्ट चेहरा ओळखून हजेरी लावण्याचाच घ्या. मार्क देणाऱ्यानंही तोच केलेला असतो.

पॅकेजबद्दल कुरकुर नको. माझा चुलतभाऊ २०११ साली लागला तेव्हा त्याला वर्षाला सव्वातीन लाख होते, मला ३.६ लाख आहेत. म्हणजे कागदावर आहेत. चौदा वर्षांत पस्तीस हजारांची घसघशीत वाढ. २०२३ च्या फेब्रुवारीत तर एका बड्या कंपनीनं साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या पोरांना साडेतीनवर येता का, असं मेलवर विचारलं होतं. भाजीवालीसुद्धा एकदा बोललेला भाव असा फिरवत नाही. घरी सांगताना मात्र सीटीसीच, म्हणजे कागदावरचा वर्षाचा आकडाच सांगा, हातात किती येणार ते सांगू नका. मामा लोक लगेच स्थळं बघायला लागतात, त्यांचा हिरमोड कशाला करायचा.

बॉण्ड वेळेवर करून द्या. मी शंभरच्या स्टॅम्प पेपरवर करून दिला. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभरचा जाऊन पाचशेचा आला, आणि कंपनीनं "जुना चालणार नाही" म्हणून नवा मागवला. तोही दिला, नोटरीसकट. आज परिस्थिती अशी आहे की नोकरी लागलेली नाही, पण ती दोन वर्षांच्या आत सोडली तर दंड किती, हे पक्कं ठरलेलं आहे.

आणि आजीला गावाला पाठवा.

हसू नका, हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे. मागच्या आठवड्यात, तब्बल चौदा महिन्यांनी, कंपनीचा मेल आला. आईनं तो पूर्ण वाचायच्या आधीच देवापुढं साखर ठेवली. मेलमध्ये लिहिलं होतं की जॉइनिंगच्या आधी आणखी एक ऑनलाइन परीक्षा द्यायची, जावा आणि एसक्यूएलची, आणि पास झालात तरच पुढचं. तयारीला चार दिवस. मग ज्या परीक्षेवर ऑफर दिली होती ती काय होती, भोंडला? बरं, ठीक आहे. देऊ.

नियम असे की कॅमेरा चालू, माइक चालू, खोलीत दुसरं कुणी नको, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही. आमचं घर संगमनेरला, खोल्या दोन, माणसं पाच. वडील कामावर गेले, आई बहिणीला घेऊन देवळात जाऊन बसली, महावितरणला मी मनातल्या मनात हात जोडले. आजीला सांगितलं होतं की आत येऊ नकोस. पण पोरगं सकाळपासून उपाशी बसलंय हे तिला बघवेना. चाळिसाव्या मिनिटाला ती चहा घेऊन आली. स्क्रीनवर लाल पट्टी, दुसरी व्यक्ती आढळली. मी हातानंच नको नको केलं. संशयास्पद हालचाल. आजी म्हणाली, "अरे गरम आहे तवर घे की." दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. तीन इशारे झाले आणि परीक्षा बंद.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं मला बशीतून एसक्यूएलच्या जॉइन क्वेरीचं उत्तर आणून दिलं, असा कंपनीचा संशय आहे. आणि चेहरा ओळखणारं ते तंत्र कसं चालतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझाच प्रोजेक्ट होता.

यानंतर काय करायचं? तक्रार करायची. मेलच्या पत्त्यात नो-रिप्लाय असतं, म्हणून पोर्टलवर तिकीट काढा. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येतं असं लिहिलंय, आणि खरंच येतं. "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." कुणी सोडवली, काय सोडवलं, विचारायची सोय नाही. फोन लावला तर नंबर दुसऱ्याच शहरातल्या सुरक्षारक्षकाच्या केबिनला लागतो. तो बिचारा चांगला माणूस होता. माझ्याशी नीट बोललेला त्या कंपनीतला तो एकटाच.

"मग दुसरीकडं बघ ना," हे काका सांगतात. काका, बघितलं. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असतं, फक्त २०२५ ची बॅच. मी २०२४ चा. मी फ्रेशर नाही, कारण पास होऊन वर्ष झालं. मी अनुभवी नाही, कारण नोकरीच केली नाही. हिंजवडीला एका वॉक-इन मुलाखतीला पहाटेची एसटी पकडून गेलो, साडेसातला रांगेत उभा राहिलो, दुपारी अडीचला आत घेतलं. समोरच्यानं रेझ्युमे बघून पहिला प्रश्न विचारला, "ही वर्षाची गॅप कशामुळे?"

कशामुळे? तुमच्यामुळे! तुमच्यासारख्याच एका कंपनीनं "थांबा, कळवतो" म्हटलं म्हणून!

मंदी होती, मान्य. २०२३-२४ या एका वर्षात देशातल्या तीन मोठ्या आयटी कंपन्यांची मिळून सुमारे ६४ हजार माणसं कमी झाली. कंपनीवाल्यांनो, ते आकडे तुम्हाला आमच्या आधी कळतात. मग प्रकल्प हातात नसताना ऑफर कशाला वाटल्या? वाटल्या तर वाटल्या, नंतर सरळ "जमत नाही" म्हणायला काय जीभ झडते? हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २०२२ च्या बॅचची दोन हजारांच्या आसपास पोरं अशीच दोन-दोन वर्षं लटकली, तेव्हा पुण्यातल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेला केंद्रीय कामगार मंत्रालयाकडं जावं लागलं. तारीख मागायला कामगार मंत्रालय! माझा नकार आला असता तर मी गेल्या वर्षीच दुसरीकडं चिकटलो असतो, दहा हजारांवर का होईना. तुम्ही नकारही दिला नाही, कारण आम्हाला राखून ठेवायला तुमचं काही जात नाही. पोरं म्हणजे काय गोदामातल्या गोण्या आहेत?

आणि कॉलेजवाल्यांनो, तुम्हीही कानाला खडा लावा. परवा ॲडमिशनच्या कामासाठी शेजारच्या मुलीबरोबर कॉलेजला गेलो होतो. तिला एआय-डीएसला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्सच्या शाखेला जायचंय. सीट वाढल्यात म्हणे. गेटवर वीस फुटी फ्लेक्स. "१००% प्लेसमेंट." दुसऱ्या रांगेत तिसरा फोटो माझा. टायसकट. खाली ३.६ लाख. शेजारचे काका फोटोकडं बघतात, मग माझ्याकडं, मग पोरीला म्हणतात, "बघ, दादा लागला ना इथूनच."

सरांना भेटून सांगितलं की सर, मला अजून जॉइनिंग नाही, तो फोटो काढा. सर म्हणाले, "अरे, आमच्या रेकॉर्डला तू प्लेस्डच आहेस."

सर, मी त्या पोरीला आणि काकांना परत येताना एसटीत सगळं सांगितलंय. तुम्ही शंभर टक्क्यांत मोजलेली आमच्या वर्गातली अकरा पोरं आज घरी बसलेली आहेत, त्यांची नावंही सांगितली. ऑफर मोजू नका, जॉइन झालेले मोजा. जमत नसेल तर निदान माझा फोटो उतरवा. सोमवारपर्यंत वाट बघतो. नंतर मी शिडी घेऊन येईन.