व्हेरी युनॅनिमसली

कृष्णेला निदान आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका अशी सोय आहे. आमच्या सांगलीतल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला इशारा पातळीच नाही. थेट धोकाच.

30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यायचीच असते, म्हणून ती अगदी शेवटच्या रविवारी, पार्किंगमध्ये भरते. कोरम अर्थातच नसतो. मग सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच डोक्यांत पुन्हा भरवायची. आता कोरम नसला तरी चालतो! हा अर्धा तास भडंगाचा.

सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले. इतिवृत्त इंग्रजीतच लिहिणार. प्रत्येक ठरावाच्या शेपटाला 'युनॅनिमसली' म्हणजे सर्वानुमते. लॅटिनमधलं 'एक' आणि 'मन' मिळून हा शब्द झालाय, असं त्यांनी एकदा समजावून सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्यात दोनच माणसं, तरी अजून जमलं नाही."

शब्द तसा कडक. विरोधात एक हात वर गेला, की 'बहुमताने' लिहावं लागतं. पण गप्प बसलेला माणूस विरोधात धरत नाहीत, आणि आमची सगळी एकी याच फटीतून आत येते. टाकी धुण्याची वर्गणी वाढवायची. सूचक? शांतता. अनुमोदक? शांतता. काका दोन नावं आपल्याच मनानं लिहितात. कुणाचा विरोध? नेमकं तेव्हा आप्पांच्या तोंडात भडंग. झालं, युनॅनिमसली मंजूर! खरी सभा मग जिन्यात भरते. तिथं अख्खी सोसायटी विरोधात. "हात वर करणार होतो ओ," आप्पा म्हणतात, "पर हाताला त्याल लागलं हुतं."

लिफ्टच्या ठरावापुढे तर काकांनी 'व्हेरी युनॅनिमसली' लिहिलं होतं. मी म्हटलं, "काका, एकमतात कमी-जास्त नसतं. असतं, नाहीतर नसतं." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही त्या सभेला होता का? लई जोरात झालं होतं."

यंदा आयत्या वेळच्या विषयात मी सुचवलं, की इतिवृत्त मराठीत लिहावं. "कुणी लिहायचं?" काकांनी विचारलं. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, आप्पांनी तर भडंग बाजूला ठेवून हात वर केला. विरोधात मी एकटाच. त्यामुळे त्या ठरावापुढे 'बहुमताने मंजूर' असं लिहावं लागलं, आणि तेही मलाच.