भूल देणारी नर्स व्हायचंय? मग आधी आयसीयूत उभं राहा

रविवारी काळाचौकीला ताईकडे गेले होते. दोघी गवार मोडत बसलो होतो. ताई म्हणाली, "सायलीचं ठरलं बघ. ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, आणि अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजी. पुढे अमेरिकेत भूल देणारी नर्स होता येतं म्हणे. पंचवीस हजार भरून सीटसुद्धा बुक केली." पोरीची बारावीची परीक्षा अजून व्हायची आहे. सायलीने मोबाइल पुढे केला. रीलमध्ये निळी टोपी घातलेली एक बाई, मागे मॉनिटर, आणि वर पगाराचा आकडा.

आकडा खरा होता. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२३ साली तिथल्या निम्म्या नर्स अ‍ॅनेस्थेटिस्टना वर्षाला २ लाख १२ हजार डॉलरपेक्षा जास्त मिळत होते. चुकला होता तो कोर्स. त्या कोर्सने सायली नर्सच होणार नव्हती, मग भूल देणारी नर्स कुठून होणार?

मी बावीस वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत काम करते. गेल्या दोन-तीन वर्षांत हाच गैरसमज घेऊन आलेली ही चौथी मुलगी. म्हणून आज सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या या पदाचं पूर्ण नाव सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे सीआरएनए. त्यातला 'रजिस्टर्ड नर्स' हा शब्द वगळून पुढे जाताच येत नाही. अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजी हा आपल्याकडे वेगळा पेशा आहे, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने त्याला स्वतंत्र ओळखही मिळाली. मशिन तपासणं, व्हेपोरायझर (भुलीचं औषध वाफेत बदलणारं यंत्र) भरणं, श्वासाची ट्यूब आणि ती घालायला लागणारा लॅरिंगोस्कोप तयार ठेवणं ही कामं चोख करणारा टेक्निशियन नसेल तर भूलतज्ज्ञाचं पान हलत नाही. ज्यांना तेच काम करायचंय त्यांनी जरूर त्या कोर्सला जावं. पण त्या पदवीवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि ती नाही म्हणजे पुढची अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा, एनक्लेक्स, तीही नाही. तीन वर्षं घालवून पुन्हा पहिल्या पायरीवर.

भाऊजींनी मध्येच विचारलं, "पण नर्सला भूल देऊ देतात कसे? ते डॉक्टरचं काम ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. भारतात ते डॉक्टरचंच काम आहे. अमेरिकेत मात्र ही परंपरा जुनी. १८७७ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात सिस्टर मेरी बर्नार्ड भूल देऊ लागल्या होत्या. त्यानंतर मेयो क्लिनिकमध्ये अ‍ॅलिस मॅगॉ नावाच्या नर्सने १४ हजारांहून जास्त रुग्णांना भूल दिली, त्यातला एकही भुलीमुळे दगावला नाही, आणि १९०६ साली तिने ही सगळी नोंद छापून मांडली. तेव्हा ना पल्स ऑक्सिमीटर होता ना व्हेंटिलेटर. होतं ते रुग्णाच्या श्वासाकडे आणि चेहऱ्याकडे सतत लक्ष. १९३१ साली त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. फ्रान्समध्ये, स्वीडनमध्येही नर्स हे काम करतात, फक्त तिथे आधी तिथली भाषा लागते.

आता रस्ता. पहिली पायरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, महाराष्ट्रात त्याची सीईटी असते. घरच्या परिस्थितीमुळे ज्या मुली जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करतात त्यांचाही रस्ता बंद होत नाही. नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी घेता येते. सीआरएनएसाठी पदवी लागतेच.

कॉलेज निवडताना माझं एकच सांगणं असतं: इमारत बघू नका, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात होतं ते विचारा. जे.जे., केईएम, सायन, नायर अशा ठिकाणी ज्या मुलीची पोस्टिंग होते तिला एका महिन्यात जेवढे पेशंट दिसतात, तेवढे पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात वर्षभरात दिसत नाहीत.

सायली म्हणाली, "मावशी, नर्सिंगला फिजिक्स कशाला लागतं गं? सीईटी झाली की संपलं." तिथे मी तिला थांबवलं, कारण भुलीचं निम्मं काम फिजिक्स आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर वापरत गेलं की काटा खाली येत जातो. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूच्या सिलिंडरचा काटा मात्र आतला द्रव संपेपर्यंत जागचा हलत नाही, आणि मग एकदम कोसळतो. काट्याकडे बघून 'भरपूर आहे' म्हणणारी फसते. का फसते, ते अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे. तसंच फर्स्ट इयरची फिजिऑलॉजी आणि त्यानंतरची फार्मकॉलॉजी. या विषयांचे मार्क अमेरिकेतली कॉलेजं वेगळे काढून बघतात. आपल्याकडे मुली ते पास होण्यापुरते वाचतात आणि सहा-आठ वर्षांनी त्याच मार्कशीटसमोर हताश होऊन बसतात.

पदवीनंतरची चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. भुलीचं काम थिएटरमध्ये चालतं म्हणून मुली थिएटरमध्ये नोकरी मागतात. सीआरएनएच्या प्रवेशाला थिएटरचा अनुभव सहसा धरत नाहीत, आयसीयूचा धरतात. किमान एक वर्ष पूर्ण वेळ, आणि प्रत्यक्षात स्पर्धा एवढी की दोन-तीन वर्षं झालेल्याच बहुतेक आत जातात.

आयसीयूच का, हे मला एका रात्रीवरून सांगता येईल. आतड्याच्या मोठ्या ऑपरेशननंतर आलेले एक आजोबा. व्हेंटिलेटरवर, प्रेशर सतत दाखवणारी आर्टेरियल लाइन, औषधांसाठी सेंट्रल लाइन, पंपावर प्रेशर वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू. पहाटे तीनला प्रेशर उतरायला लागलं. नवी सिस्टर पळत आली, "पंप वाढवू का?" मी म्हटलं, आधी आर्टेरियल लाइनचा आलेख बघ. श्वासागणिक लाटेची उंची कमी-जास्त होतेय. लघवी दोन तासांत किती? पोट हाताला कसं लागतंय? पोटातून बाहेर काढलेल्या ड्रेनच्या नळीत काय आहे? आजोबांना आतून रक्तस्राव होत होता. औषध वाढवलं असतं तर आकडा तासभर बरा दिसला असता आणि माणूस गेला असता. सर्जनना फोन केला, रक्त मागवलं, चार वाजता आजोबा पुन्हा थिएटरमध्ये.

भूल देणारीला हेच करायचं असतं, फक्त मिनिटांच्या हिशेबात आणि बऱ्याचदा एकटीने. आकडा बघून त्यामागचं कारण ओळखणं, डॉक्टरची वाट बघत असताना हात योग्य गोष्टीवर असणं. हे वर्गात शिकवता येत नाही. एक पेशंट संपूर्ण आपला मानून रात्रीमागून रात्री त्याच्याजवळ उभं राहावं लागतं.

आता एक कडू गोष्ट, जी एजंट सांगत नाहीत. सीआरएनएच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या तिथल्या अधिस्वीकृती परिषदेच्या व्याख्येत क्रिटिकल केअरचा अनुभव म्हणजे अमेरिकेतल्या किंवा तिच्या अखत्यारीतल्या आयसीयूचा अनुभव. आपल्याकडची दहा वर्षंसुद्धा त्या एका वर्षाच्या जागी धरत नाहीत. तरीही मी म्हणते इथे आयसीयू करा, कारण इथलं काम केलेल्या मुलीला तिथे आयसीयूची नोकरी मिळते आणि ती पहिल्या महिन्यात गांगरत नाही. पण क्रम डोक्यात पक्का हवा: इथली पदवी, इथलं आयसीयू, एनक्लेक्स परीक्षा, तिथली नोकरी, तिथलं आयसीयू, आणि मग कॉलेज.

एनक्लेक्स मुंबईत देता येते. तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न ठरतो, किमान ८५, कमाल १५० प्रश्न. ती अवघड आहे, पण आपल्या मुली पास होतात. अडतं ते कागदांवर. कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास, प्रॅक्टिकलचे किती, हे सगळं कॉलेजच्या सहीशिक्क्याने जावं लागतं. कॉलेज सोडतानाच ही कागदपत्रं काढून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीचं कॉलेज मधल्या काळात बंद पडलं आणि एका सहीसाठी ती दीड वर्ष फिरली.

आणि व्हिसा. ग्रीन कार्डच्या रांगेत देश धरतात तो जन्माचा. दुबईत किंवा लंडनमध्ये चार वर्षं काढली म्हणून रांग बदलत नाही. नर्स ज्या वर्गातून जातात त्यात भारतात जन्मलेल्यांची वाट बघण्याची मुदत आज दहा वर्षांहून जास्त आहे. काही मुली तिथे मास्टर्सला जातात आणि नंतर मिळणाऱ्या वर्षभराच्या कामाच्या परवान्यात आयसीयू गाठतात. हाही रस्ता आहे, पण कर्जाचा डोंगर घेऊन.

शेवटचं शिक्षणही आता डॉक्टरेटचं झालंय. २०२२ पासून तिथे सीआरएनएचे नवे विद्यार्थी डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमाला घेतात. तीन वर्षं, किमान २ हजार तास प्रत्यक्ष काम, किमान ६०० केसेस, आणि त्या काळात नोकरी करणं जवळजवळ अशक्य. फी आणि राहणं मिळून लाख डॉलर सहज ओलांडले जातात.

हे ऐकून ताईचा चेहरा उतरला. म्हणाली, "मग सांगू का तिला, सोड म्हणून?" मी म्हटलं, अजिबात नको. फक्त एकाच टोकाला सगळं बांधू नका. प्रत्येक पायरीवर तिला तिच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. बी.एस्सी. नर्सिंग झाली की नोकरी आहे. दोन वर्षं आयसीयू झालं की तिला कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात मागणी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या देशातच आहे, आणि भूल देणं सोडलं तर तिला जे शिकायचंय त्यातलं पुष्कळ त्यात आहे. व्हिसा उघडला तर ही सगळी तयारी उपयोगी, नाही उघडला तरी वाया गेलेलं काही नाही.

इथे मला माझी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये होते. भूलतज्ज्ञ आले नव्हते, केस छोटी होती. सर्जन म्हणाले, "सिस्टर, केटामाइन द्या, मी आहे ना." ते भुलीचं इंजेक्शन मी दिलं. त्या बाईंचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, ७८ वर आलं. हनुवटी उचलून, मास्क धरून मी बॅग दाबत राहिले, त्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे आभार मानले. मी त्या महिन्याच्या अखेरीला ती नोकरी सोडली. माझे हात चालत होते, पण मला ना शिक्षण होतं ना अधिकार, आणि त्या बाईंना ते कोणी सांगितलंही नव्हतं. म्हणून कोणी 'आमच्याकडे कामातच शिकाल' म्हणालं तर मुलींनो, नाही म्हणा.

आणि तरीही माझं ठाम मत आहे की आपल्याकडे हा अभ्यासक्रम यायला हवा. बाळंतपणाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी भूलतज्ज्ञ कमी पडतात, म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं भुलीचं प्रशिक्षण दिलं. गरज सरकारनेच मान्य केली आहे. मग पाच-सात वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेल्या नर्सला दोन वर्षांचं कडक शिक्षण, परीक्षा आणि भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करण्याचा कायदेशीर अधिकार का देऊ नये? गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये अडलेल्या बाईला तालुक्यातून जिल्ह्याला पाठवतात, त्या वाटेत काय होतं हे आमच्याकडे रेफर होऊन आलेल्या पेशंटकडे बघून आम्हाला कळतं.

भाऊजी पैसे परत मागायला गेले होते. निम्मे मिळाले. सायली आता नर्सिंगच्या सीईटीचा अभ्यास करतेय. काल रात्री माझी ड्यूटी संपता संपता तिचा फोन आला.

"मावशी, काटा हलत नाही तर नायट्रस किती उरलाय ते कळतं कसं?"

"वजन करून," मी म्हटलं. "घरी गॅसवाला सिलिंडर काट्याला लावून दाखवतो ना, तसंच."