बाहुल्यांच्या प्रयोगाबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली, तेव्हा काळ्या मुलांनीही गोरीच निवडली. म्हणजे गोऱ्या रंगाची ओढ जन्मजात असते.’ प्रयोग खरा आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या सुमारास ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना बाहुल्या दाखवल्या. बहुतेकांनी गोरीला ‘चांगली’ म्हटलं. पण ३ वर्षांचं मूल तोवर कितीतरी ऐकून-पाहून बसलेलं असतं. क्लार्क दांपत्याचं म्हणणं हेच होतं की हे समाजाने शिकवलंय. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवताना १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या लेखनाचा हवाला दिला.

नवजात बाळांवरच्या अभ्यासात वंशानुसार चेहऱ्यांची पसंती दिसलेली नाही. ३ महिन्यांनी ती दिसते, तीही रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांकडे. इस्रायलमधल्या, दोन्ही वर्णांच्या माणसांत वाढणाऱ्या इथिओपियन बाळांत ती आढळली नाही.

‘उन्हात जाऊ नकोस, काळी होशील’ हे आपल्या घरांतही मुली ऐकतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथे हा खुलासा टाका.