कचऱ्याच्या पिशवीतून लागलेला माग

परवा रात्री ‘द डान्सर अपस्टेअर्स’ तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी शेजारी मामा होते, म्हणून लिहायला बसले आहे.

मामा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. बरीचशी नोकरी रायटर म्हणून. ठाण्यातला रायटर म्हणजे जबाब, पंचनामे, स्टेशन डायरी हे सगळं लिहून काढणारा माणूस. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा अजून आहे. नव्वदच्या दशकात त्यांची बदली गडचिरोलीला झाली, तेव्हा सातच्या मराठी बातम्या संपेपर्यंत मामी ताटावर बसायची नाही. भूसुरुंगाची बातमी नसली की मगच जेवायची.

म्हणून हा चित्रपट आमच्या घरात नुसता ‘थ्रिलर’ म्हणून बघता येत नाही.

२००२ चा चित्रपट. अभिनेता जॉन माल्कोविचचं दिग्दर्शक म्हणून पहिलं काम, निकोलस शेक्सपिअरच्या कादंबरीवरून केलेलं. हावियर बार्देम रेहास नावाचा पोलीस अधिकारी झाला आहे. हा माणूस आधी वकील होता. एका लॅटिन अमेरिकन देशात एसेकिएल नावाचा क्रांतिकारी नेता भूमिगत राहून रक्तपात घडवतोय आणि रेहासला त्याला शोधायचंय. देशाचं नाव चित्रपटात घेतलेलं नाही, पण तो पेरू आहे हे लपत नाही. दिव्याच्या खांबांना लटकवलेली मेलेली कुत्री बघितली की लक्षात येतंच. १९८० च्या डिसेंबरात पेरूची राजधानी लिमाच्या लोकांनी सकाळी उठून खरोखर तेच पाहिलं होतं. कुत्र्यांच्या गळ्यात चीनचा नेता डेंग शियाओपिंगला शिव्या घालणाऱ्या पाट्या होत्या.

खरा नेता म्हणजे आबिमाएल गुझमान, आयाकुचोच्या विद्यापीठातला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. त्याचा माओवादी पक्ष ‘शायनिंग पाथ’ या नावाने जगाला माहीत झाला. १७ मे १९८० ला चुस्ची गावात मतपेट्या जाळून त्यांनी युद्ध सुरू केलं. वीस वर्षांत किती माणसं गेली याचा अंदाज तिथल्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये दिला: सुमारे ६९,०००. निम्म्याहून जास्त बळी एकट्या शायनिंग पाथने घेतले, आणि सुमारे एक तृतीयांश लष्कर-पोलिसांनी. मेलेल्यांपैकी दर चारातल्या तिघांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळनिवासी भाषा होती. ज्यांच्या नावाने क्रांती चालली होती, तेच हे लोक. लुकानामार्कात १९८३ मध्ये क्रांतिकारकांनी कुऱ्हाडी-कोयत्यांनी ६९ गावकरी मारले, त्यात लहान मुलंही होती. दोन वर्षांनी आक्कोमार्कात लष्कराने साठहून जास्त गावकरी मारले. एका बाजूला जेवायला घातलं तर दुसरी बाजू मारणार. हे मी वाचून दाखवलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून रात्री घरातून उचलून नेलेल्या आदिवासींचे पंचनामे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेत.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते.

आपल्याकडच्या पोलीसपटांनी आपल्याला एन्काउंटरवर टाळ्या वाजवायला शिकवलंय. गोळी सुटली की थिएटर उठून उभं राहतं. हा चित्रपट दोन तासांहून जास्त वेळ दाखवतो काय, तर थकलेले, झोप न झालेले, पगार कमी असलेले पोलीस कचरा उपसताहेत. आणि खऱ्या पेरूत हेच घडलं. १९९० च्या मार्चमध्ये बेनेदिक्तो हिमेनेस या अधिकाऱ्याने एक लहानसा विशेष गट उभा केला. साधनं फारशी नव्हतीच. ते लोक साध्या वेशात घरांवर पाळत ठेवायचे, सफाई कामगार बनून कचऱ्याच्या पिशव्या गोळा करायचे आणि एकेक कपटा तपासायचे. सुरकियो भागातल्या एका घरात खाली नृत्याचा वर्ग चालायचा. शिकवणारी तरुण बाई आणि तिचा जोडीदार, एवढेच तिथे राहतात असं शेजाऱ्यांना वाटायचं. पण घरातला कचरा दोघांच्या मानाने जास्त होता. त्यात विन्स्टन सिगारेटची थोटकं सापडली, गुझमान ओढायचा तीच. सोरायसिसच्या औषधांची रिकामी पाकिटं सापडली, आणि गुझमानला सोरायसिस आहे हे पोलिसांना माहीत होतं.

१२ सप्टेंबर १९९२ च्या रात्री समोरच्या दुकानाशी एक जोडपं गप्पा मारत उभं होतं. दोघेही पोलीस. टोपणनावं ‘खार’ आणि ‘सीगल’. पाहुण्यांना निरोप द्यायला दार उघडलं आणि ही दोघं आत घुसली. वरच्या मजल्यावर गुझमान होता. एकही माणूस मेला नाही. राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी त्या वेळी अॅमेझॉनच्या भागात मासेमारीला गेले होते, त्यांना सगळं झाल्यावर कळलं.

त्याच काळात त्याच सरकारचं दुसरं एक पथकही काम करत होतं. लष्करी गुप्तचरांचं, ‘कोलिना’ नावाचं. नोव्हेंबर १९९१ मध्ये लिमाच्या बारियोस आल्तोस वस्तीत इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवायला लोकांनी कोंबडीच्या जेवणाचा कार्यक्रम ठेवला होता. या पथकाने तिथे शिरून १५ जणांना मारलं, त्यातला एक आठ वर्षांचा मुलगा. पुढच्या जुलैत ला कांतुता विद्यापीठातून नऊ विद्यार्थी आणि एक प्राध्यापक उचलून नेऊन मारले. या गोळ्यांनी गुझमान एका इंचानेही जवळ आला नाही. तो सापडला थोटकं मोजणाऱ्यांना. जो कोणी म्हणतो की अशा लोकांशी कायद्याने लढता येत नाही, त्याने ही दोन पथकं शेजारी शेजारी ठेवून बघावीत. या हत्यांसाठी फुजिमोरींना २००९ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली.

चित्रपटावर माझा रागही आहे. पात्रं स्पॅनिश उच्चारात इंग्रजी बोलतात, ते कानाला शेवटपर्यंत खटकतं. मोठी तक्रार ही की देशाचं नाव पुसल्यामुळे मेलेल्यांचं नावही पुसलं गेलं. विया एल साल्वादोर वस्तीत गरीब बायकांसाठी झटणारी मारिया एलेना मोयानो शायनिंग पाथच्या विरोधात उघड उभी राहिली, म्हणून फेब्रुवारी १९९२ मध्ये तिला गोळ्या घातल्या आणि तिचं शरीर डायनामाइटने उडवलं. तिच्यासारखी एक तरी बाई या कथेत हवी होती. त्याऐवजी आपल्याला मिळते ती रेहासची नृत्यशिक्षिकेवर जडलेली माया. ती कल्पित आहे. लाउरा मोरांते सुंदर काम करते, वीज गेल्यावर अंधाराला घाबरणारी तिची योलांडा मनातून जात नाही, तरीही.

बार्देमसाठी मात्र मी सगळं माफ करते. तो आवाज चढवत नाही. वरिष्ठ ओरडतात, लष्कर तपास हिसकावून घ्यायला बघतं, आणि हा माणूस पुन्हा फाइलकडे वळतो. शेवटी लेकीचं नृत्य बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला लिहिता येणार नाही.

मामांनी कचऱ्याचं दृश्य मला थांबवायला लावलं होतं. चष्मा वर करून पडद्याजवळ गेले.

“पंच कुठं आहेत?”

“काय?”

“पिशवी उघडताना दोन पंच लागतात. उद्या कोर्टात टिकायला नको?”

मग मी त्यांना सांगितलं की गुझमानला अटकेनंतर पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत पिंजऱ्यात उभं करून पत्रकारांना दाखवलं, ओळख लपवलेल्या लष्करी न्यायाधीशांनी महिन्याभरात जन्मठेप दिली, आणि पुढे तो खटला रद्द होऊन सगळं पहिल्यापासून चालवावं लागलं. २००६ मध्ये साध्या न्यायालयाने पुन्हा जन्मठेप दिली. २०२१ मध्ये तो तुरुंगातच मेला.

“मग, तेच म्हणतोय मी,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, “दाराशी उभी होती ती दोघं, त्यांना बढती मिळाली का?”

मला माहीत असलेलं सांगितलं. त्यांच्या वरच्या साहेबांना, केतिन विदाल यांना, पुढे त्या खात्यातून हलवलं गेलं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाले, पुन्हा लाव, पिशव्या गाडीतून उतरवतात तिथपासून.