पोस्टकार्ड लिहायला जागा ठेवू नका

अभिनंदन, साहेब! डिपार्टमेंट तुमच्या हाताखाली आलं आणि त्यात चार मुली इंजिनियर निघाल्या म्हणे. एवढं काय घाबरायचं? त्यांना काढायचं नसतंच. काढलं की बोभाटा होतो. त्या आपणहून जातात, फक्त थोडा धीर धरावा लागतो.

जुन्या लोकांना हे जमलं नाही, कारण ते मनातलं बोलून दाखवायचे. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, प्रवेश मागायला गेल्या. मुंबई विद्यापीठात अव्वल आलेली मुलगी. सर सी. व्ही. रामन यांनी ‘बाई आहे’ म्हणून स्वच्छ नाही म्हटलं. नाही म्हटलं म्हणून तर भांडता आलं! बाई हटून बसल्या, ‘वर्षभर काम पारखून बघू’ या अटीवर आत शिरल्या आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन मोकळ्या झाल्या. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, तर जाहिरातीतच छापलं की महिलांनी अर्ज करू नयेत. त्याच बंगळुरूच्या संस्थेतल्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी, थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. कंपनीला मुलाखतीला बोलवावं लागलं, नोकरीही द्यावी लागली.

तेव्हा पहिला नियम असा की पोस्टकार्डावर लिहिता येईल असं काही करायचंच नाही.

सुरुवात बुटांपासून करा. स्टोअरला सांगून ठेवा, सेफ्टी शूज सात नंबरच्या खाली मागवायचे नाहीत. चार नंबरचा पाय दोन-दोन मोजे चढवून शॉप फ्लोअरवर फटक फटक चालू लागला की लोक म्हणतातच, ‘यांना जमत नाही हो हे.’ लेडीज टॉयलेट ॲडमिन बिल्डिंगमध्ये आहे ना? राहू द्या तिथंच. जाऊन-येऊन बारा मिनिटं. मुली शहाण्या असतात, पाणी पिणंच कमी करतात. (मी एका कारखान्यात दोन वर्षं सकाळचा चहा सोडला होता. आमच्या साहेबांना वाटायचं, हिचे उपास फार.)

पण हे सगळं किरकोळ. खरं हत्यार म्हणजे काळजी. परगावी प्लांटचं कमिशनिंग, म्हणजे नवा प्लांट चालू करून द्यायचं काम, निघालं, तीन महिने साइटवर राहायचंय, आणि यादीत तिचं नाव पहिलं आहे. तुम्ही वडिलकीच्या सुरात म्हणायचं, ‘अगं, तू कशाला एवढ्या लांब? तिथं राहायची धड सोय नाही, घरी बाळ लहान.’ तिला विचारायचं नाही, विचारलं तर ती ‘जाते’ म्हणेल. तिच्यापेक्षा दोन वर्षं ज्युनियर मुलगा पाठवा. त्याच्याही घरी बाळ लहान असेल, पण ते वेगळं. पुढच्या वर्षी प्रमोशनच्या बैठकीत मान हलवत एवढंच म्हणा, ‘मुलगी हुशार आहे, पण साइटचा अनुभव नाही.’ खोटं आहे का यात काही? आणि काळजी घेतली म्हणून तक्रार कोणाकडे करणार ती?

२०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली आहे. ती मुकाट्यानं द्या, हसतमुखानं द्या. अप्रेझलच्या वेळी मात्र सहा महिन्यांचं काम बारा महिन्यांच्या कामाशेजारी ठेवा, सगळ्यांना वरच्या-खालच्या श्रेणींत वाटून टाकणारा बेल कर्व्ह आपोआप काय ते बघेल. परत आली की डॉक्युमेंटेशन द्या. पन्नास किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर लागतं, तर खोली काढा, भिंतीवर मिकी माउस रंगवा. आत मूल दिसलंच पाहिजे असं कायद्यात कुठं लिहिलंय?

मीटिंगचे मिनिट्स तिनं लिहावेत, अक्षर चांगलं असतं. लॅपटॉपवर लिहायचे असले तरी. निर्णय मात्र चार वाजता टपरीवर, सिगारेटच्या धुरात घ्या. तिला मिनिट्समध्ये कळतीलच.

८ मार्चला कंजूषपणा नको. गुलाबाचं फूल, फेटे, सेल्फी पॉइंट. ‘घर आणि करिअर यांचा समतोल’ या विषयावर व्याख्यान ठेवा, श्रोत्यांत फक्त बायका. पुरुषांना त्या दिवशी प्रॉडक्शन असतं.

एवढं केलंत की तीन-चार वर्षांत राजीनामा येतो. एचआरच्या फॉर्मवर कारणांचे रकाने असतात, त्यात ‘वैयक्तिक’ नावाचा एक छोटा चौकोन आहे. ती तिथंच टिक करते. बूट, बारा मिनिटं, न गेलेली साइट यांना चौकोन नसतो. केक कापा. ‘घराला प्राधान्य दिलंस, कौतुक आहे’ असं म्हणताना आवाज थोडा जड होऊ द्या.

आणि हो, तिच्या जागेची जाहिरात देताना खाली ठळक अक्षरांत छापायला विसरू नका: महिला उमेदवारांना प्राधान्य.